बाळंतपणाच्या योजनांचे पैसे अडकू नयेत म्हणून: कुठला कागद आधी, कुठला नंतर

कोकणात बाळंतपणाच्या योजनांचे पैसे अडकतात, तेव्हा बाई अपात्र असते असं फार कमी वेळा घडतं. कागद तीन ठिकाणी विखुरलेले असतात, म्हणून ते अडकतात. आधार माहेरच्या नावाचं. रेशनकार्ड गावाला सासऱ्यांच्या नावावर, नाहीतर विरार-डोंबिवलीला नवऱ्याच्या नावावर. बँकखातं कॉलेजात असताना काढलेलं. आणि पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे पुन्हा माहेरी. ही जुळणी बाळ झाल्यावर करायला घेतली की घरात ओली बाळंतीण, बाहेर पाऊस आणि डोक्यावर मुदत, अशी गत होते. म्हणून पुढे योजनांची यादी नाही, कामाचा क्रम दिला आहे. पहिले तीन टप्पे पाचव्या महिन्याच्या आत उरकले तर बाकीचे फारसे जड जात नाहीत.

## कुठून काय मिळतं

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आधी ३,००० आणि नंतर २,०००. दुसरं अपत्य मुलगी झाली तर ६,००० रुपये एकरकमी. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाईला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ग्रामीण भागात ७०० आणि शहरी भागात ६०० रुपये आहेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात रोख काही नाही, पण सरकारी दवाखान्यातला सगळा खर्च त्यात बसतो. गरोदर बाईला आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत बाळंतिणीला अंगणवाडीतून पोषण आहार मिळतो. मुलगी झाली आणि घरात पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर लेक लाडकी योजना आहे. नवरा किंवा बाई स्वतः नोंदणीकृत बांधकाम कामगार असेल तर बांधकाम कामगार मंडळाची मदत वेगळी, आणि बाळंतपणासाठी एकदम मिळणाऱ्या या रकमांत तीच सगळ्यांत मोठी.

एकीचा लाभ घेतला म्हणून दुसरी बंद होते, असा समज वाडीवाडीत आहे. मातृ वंदना आणि जननी सुरक्षा दोन्ही एकाच बाईला मिळतात. अपवाद नोकरीचा. सरकारी नोकरीत असलेली, किंवा कायद्याने पगारी प्रसूती रजा मिळणारी बाई मातृ वंदनेत बसत नाही.

## टप्पा १: तिसऱ्या महिन्याच्या आत नोंद

तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, नजर लागते, ही आपल्याकडची रीत. वाडीला सांगू नका, पण आशाताईला सांगा. गावभर बोभाटा न करता नोंद कशी करायची हे तिला ठाऊक असतं. बारा आठवड्यांच्या आत उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद करून घ्या. मातृ वंदनेच्या पहिल्या हप्त्याला शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंद आणि किमान एक तपासणी लागते. उशीर झाला तर पुढचं सगळं मागे पडतं.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे तालुक्याच्या गावात खासगी डॉक्टरांकडे तपासणी चालू असते आणि घरच्यांना वाटतं नोंद झाली. तिथली फाईल ही सरकारी नोंद धरली जात नाही. खासगीत जायचं तर जा, पण फाईल घेऊन एकदा उपकेंद्राच्या नर्सबाईंकडे जाऊन माता व बाल संरक्षण कार्ड (म्हणजेच मातृ संरक्षण कार्ड) काढून घ्या. खासगीचा खर्च झेपत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टर गरोदर बायांची मोफत तपासणी करतात. त्या दिवशी गर्दी असते, सकाळच्या पहिल्या एसटीने गेलेलं बरं.

कार्ड हातात पडलं की तिथेच, टेबलासमोर उभं राहून वाचा. नाव कसं लिहिलंय. शेवटच्या पाळीची तारीख बरोबर आहे का. आरसीएच नंबर, म्हणजे गरोदरपणाच्या सरकारी नोंदीचा क्रमांक, पडलाय का, की जागा कोरीच आहे. तपासणीच्या तारखेपुढे सही आहे का. पाळीची तारीख अंदाजाने सांगितली जाते आणि पुढे सोनोग्राफीची तारीख वेगळी निघते, मग फॉर्ममध्ये एक तारीख आणि कार्डावर दुसरी. कॅलेंडरवर खूण करायची सवय असेल तर ते पान फाडू नका.

तपासा: कार्डाच्या प्रत्येक भरलेल्या पानाचा फोटो दोन फोनमध्ये हवा. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, साध्या कागदी फाईलमध्ये नको. आषाढात भिजलेल्या कार्डाचा लगदा होतो आणि शिक्के वाचता येत नाहीत.

## टप्पा २: एक नाव, एक खातं, एक मोबाईल

सगळ्यांत जास्त वेळ याच टप्प्याला द्या.

आपल्याकडे बाईची किती नावं असतात ते मोजा. आधारवर लग्नाआधीचं नाव, पुढे वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नात बदललेलं नाव सासरच्या तोंडी. बँकेत कधी एक, कधी दुसरं. दवाखान्यात केसपेपर काढायला दीर गेला, तो वहिनीला ज्या नावाने ओळखतो तेच सांगणार. संगणकाला या तीन वेगळ्या बाया दिसतात.

नियम सोपा ठेवा: आधारवर जे नाव आहे तेच सगळीकडे, अक्षरासकट. आधार माहेरच्या नावाचं आणि बँकखातंही त्याच नावाचं असेल तर दोन्ही तसंच राहू द्या आणि मातृ संरक्षण कार्डावरही तेच नाव घाला. सुनेच्या कार्डावर माहेरचं आडनाव कसं, असं सासूबाईंना वाटेल. त्यांना सांगा, पैसे पदरात पडेपर्यंत हेच नाव, मग बदलू. आधार आणि बँक यांची नावं वेगळी असतील तर फॉर्म भरण्याआधी एक बदलून घ्या. बँकेतलं नाव आधारप्रमाणे करणं सहसा सोपं जातं. आधारवर सासरचं नाव हवंच असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो. गावात लग्नाची नोंद ग्रामसेवक करतात (आता त्यांच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी आहे). आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा स्पेलिंग लिहून न्या. केंद्रावरच्या मुलाला तोंडी सांगून सोडू नका.

इशारा: पहिला हप्ता आल्यावर आणि दुसरा यायच्या आधी आधारवरचं नाव बदलू नका.

आता खातं. पैसे फॉर्मला जोडलेल्या पासबुकावरच येतील असं नाही. सरकारी पैसे आधारच्या वाटेने जातात, म्हणजे सध्या ज्या खात्याला आधार जोडलेलं आहे तिथे. लाडकी बहीणच्या गडबडीत अनेकींनी पोस्टाचं खातं काढलं. कुणाला सिमकार्ड घेताना दुकानदाराने पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं आणि त्या बाईला त्याचा पत्ताही नाही. शेवटचं जोडलेलं खातं कुठलं, हे आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटसमध्ये दिसतं. साध्या फोनवरून *९९*९९*१# लावूनही कळतं. जे खातं दिसेल ते चालू आहे का बघा. वर्षानुवर्षं व्यवहार नसलेल्या, केवायसी राहिलेल्या खात्यात आलेली रक्कम परत जाते. खातं बाईच्या एकटीच्या नावावर असावं. नवऱ्याचं, सासऱ्यांचं चालणार नाही.

मोबाईल नंबरही याच वेळी पाहून घ्या. आधारला नवऱ्याचा नंबर जोडलेला असतो, नवरा ट्रॉलरवर नाहीतर मुंबईला ड्यूटीवर, आणि ओटीपी इथल्या केंद्रावर हवा असतो. बोटीला रेंज येईपर्यंत ओटीपी मेलेला. बाईच्या हातात असलेल्या फोनचा नंबर आधारला जोडून घ्या. त्यासाठी तिला स्वतः हजर राहावं लागतं, म्हणून हे काम पोट जड व्हायच्या आत करा.

## टप्पा ३: गरिबीचा पुरावा

मातृ वंदनेसाठी पुराव्यांची यादी लांब आहे, पण त्यातला एकच पुरतो: दारिद्र्यरेषेचं कार्ड, अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, मनरेगाचं जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, किसान सन्मान निधी बाईच्या नावाने येत असल्यास तो, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला, किंवा वर्षाला ८ लाखांच्या आत उत्पन्नाचा दाखला. आशा आणि अंगणवाडीच्या सेविका-मदतनीस स्वतःही यात बसतात.

लोक रेशनकार्डालाच धरून बसतात आणि तिथेच फसतात. नव्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं नसतं आणि सासरच्या कार्डावर चढलेलं नसतं. केशरी कार्ड म्हणजे अन्नसुरक्षा, हेही खरं नाही. केशरीतही प्राधान्य कुटुंबाचा शिक्का असलेलंच अन्नसुरक्षेत मोडतं. मुंबईच्या कार्डावर नाव असलेल्यांची आणखी वेगळी तऱ्हा.

माझं मत विचाराल तर ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांचं, कार्ड काढा. काजू सोलणारी, आंब्याच्या बागेत मजुरीला जाणारी, मासळी सुकवणारी किंवा विकणारी, घरकाम करणारी बाई त्यात बसते, पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा) नसेल तर. ते मोफत आहे आणि आधारला मोबाईल जोडलेला असेल तर लगेच निघतं. किसान सन्मान निधीवर विसंबू नका. आपल्याकडच्या सातबाऱ्यावर चुलत-आजोबांपासून सगळी भावकी असते, बाईचं नाव क्वचितच.

रेशनकार्डाचं काम तरीही सुरू करा, कारण मुलगी झाली तर लेक लाडकीला तेच लागणार आहे. क्रम असा: माहेरच्या तहसीलच्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला, मग तो जोडून सासरच्या तहसीलला नाव वाढवण्याचा अर्ज. उलट करता येत नाही. त्यासोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा. तलाठ्यांचा अहवाल घ्यायचा आणि सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून अर्ज करायचा. गणपतीत नवरा येईल तेव्हा करू, असं ठरवू नका. त्या दिवसांत कार्यालयात तुम्हीही नसता आणि तेही नसतात.

### नवरा गवंडी, सुतार, रंगारी, बांधकामावर हेल्पर असेल तर

मग हे काम आज करा. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असलेल्या बाईला किंवा नोंदणीकृत पुरुषाच्या बायकोला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि सिझेरियनला २०,००० रुपये मिळतात. नोंदणी बाळंतपणाच्या आधीची आणि त्या वेळी चालू असलेली हवी. बाळ झाल्यावर नोंदणीला धावणारे पुष्कळ पाहिले, त्याचा उपयोग होत नाही. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, ते ठेकेदाराकडून मिळतं. ठेकेदार सही द्यायला कां-कूं करतात, म्हणून काम चालू असतानाच मागा, हिशेब मिटल्यावर तो फोन उचलत नाही. नोंदणी दरवर्षी नूतनीकरणाला येते. तारीख चुकली की नोंदणी निष्क्रिय होते आणि दावा तिथेच अडकतो.

इशारा: या मंडळाच्या कामात एजंट फार सुटलेत. आलेल्या रकमेतला वाटा मागतात, आणि कामगार नसलेल्यालाही कामगार दाखवतात. खोटं ९० दिवसांचं प्रमाणपत्र उघड झालं तर अडकतो तो कामगार, एजंट नव्हे.

लोटे, महाडसारख्या औद्योगिक वसाहतीत बाई कामाला असेल आणि पगारातून ईएसआयसी कापला जात असेल तर तिची वाट निराळी. मागच्या दोन अंशदान कालावधींत (ईएसआयसीच्या सहा-सहा महिन्यांच्या हिशेबात) मिळून ७० दिवसांचं अंशदान भरलेलं असेल तर २६ आठवडे पगाराइतका प्रसूती लाभ मिळतो. मातृ वंदनेच्या ५,००० मागे न लागता हा लाभ घ्या. पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयसीचा नंबर आहे का, एवढं आधी बघा.

## टप्पा ४: मातृ वंदनेचा फॉर्म

गावात हे काम आशाताईंकडे आहे की अंगणवाडीताईंकडे ते विचारा आणि त्यांच्याच हातून भरा. घरबसल्या पोर्टलवरूनही भरता येतो, पण नेट कॅफेवाल्याने अर्धवट भरून ठेवलेला फॉर्म सोडवत बसण्यापेक्षा ताई बऱ्या. बाईने स्वतः हजर राहावं, चेहऱ्याची पडताळणी होते. नवऱ्याचा आधार सक्तीचा नाही. एकटी बाई, नवऱ्याने टाकलेली, विधवा, सगळ्यांना अर्ज करता येतो. नवऱ्याचा आधार नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर हे सांगा.

फॉर्म एकाच ठिकाणी भरा, माहेरी किंवा सासरी. दोन्हीकडे भरला तर दुप्पट पैसे येत नाहीत. दुबार म्हणून दोन्ही अडकतात. कुठे भरायचा? जिथली आशाताई फोन उचलते आणि बाळ तीन-चार महिन्यांचं होईल तेव्हा तुम्ही जिथे असाल, तिथे.

दुसऱ्या खेपेची मोठी चूक: मुलगी झाली तरच ६,००० मिळतात, मग आत्ता कशाला नोंद, असा हिशेब करून लोक थांबतात. दुसऱ्या अपत्याचा लाभ घ्यायचा तर गरोदरपणातच नोंद झालेली हवी. मुलगा झाला तर पैसे येणार नाहीत, नोंदीने नुकसान काही नाही. जुळी झाली आणि त्यातली एक जरी मुलगी असेल तरी लाभ मिळतो.

गर्भ पडला किंवा बाळ मृत जन्मलं, तर पुढच्या खेपेला ती बाई नव्याने लाभार्थी धरली जाते. अशा घरात कागदाची गोष्ट काढणं अवघड जातं. आशाताईंना नोंद तशी करायला सांगा आणि तो विषय तिथेच ठेवा.

तपासा: फॉर्म भरल्यावर अर्ज क्रमांक लिहून घेतला का? पोर्टलवरचं नाव आधारशी अक्षरासकट जुळतं का? फोटो काढा.

## टप्पा ५: अंगणवाडी आणि माहेरी जाणं

अंगणवाडीत नाव घातलं की घरी न्यायचा आहार सुरू होतो. नोंद पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर होते, आधार पडताळणी लागते आणि आहार देतानाही चेहरा पडताळला जातो, म्हणून नणंदेला पाठवून चालत नाही. डोहाळजेवण, ओटीभरण झालं की बाई माहेरी जाते आणि सासरच्या अंगणवाडीचा आहार बंद पडतो. जाण्याआधी ताईंना सांगून नाव माहेरच्या अंगणवाडीकडे वळवून घ्या, ती सोय आहे. तिकडे नवीन नोंद करायला गेलात तर आधार आधीच वापरलेला दिसतो आणि दोन्ही ताया एकमेकींकडे बोट दाखवतात. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर आणि अनुसूचित क्षेत्रातल्या इतर गावांत शेवटच्या तिमाहीपासून अमृत आहार योजनेत रोज एक वेळचं पूर्ण ताजं जेवण असतं. तेही मागून घ्या.

माहेरी जाताना सोबत काय: मातृ संरक्षण कार्ड, आधार (दोघांचं), पासबुक, रेशनकार्डाची प्रत, जातीचा किंवा दारिद्र्यरेषेचा दाखला असल्यास तो, सगळे रिपोर्ट. मूळ कागद बाईबरोबर, प्रती सासरी. उलट केलंत तर रात्री एसटीच्या ड्रायव्हरकडे पाकीट देऊन पाठवावं लागतं.

## टप्पा ६: दवाखाना आणि गाडी

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, लघवी-रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, सगळं मोफत आहे. नैसर्गिक बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण दिलं जातं. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी सोडायला गाडीही मोफत. बाळ आजारी पडलं तर पहिल्या वर्षभर हाच हक्क त्यालाही आहे. बाहेरून औषध आणा म्हणून चिठ्ठी दिली तर भांडू नका, पण शांतपणे विचारा, ‘हे जननी शिशु सुरक्षात बसत नाही का?’ आणि आणावंच लागलं तर चिठ्ठी आणि बिल दोन्ही जपा.

नेहमीच्या ने-आणीसाठी १०२ आणि तातडीला १०८. सातव्या महिन्यातच आशाताई किंवा नर्सबाईंकडून ठरवून घ्या की आपल्या गावाची १०२ कुठल्या आरोग्य केंद्राची, आणि ड्रायव्हरचा नंबर घ्या. दिवस जून ते ऑगस्टमधले असतील तर त्याहून पुढचा विचार हवा. साकव पाण्याखाली जातो, घाटात दरड येते, रात्री रेंज जाते. वाडी रस्त्यापासून आत असेल तर दिवस भरण्याच्या पंधरवडाभर आधी हमरस्त्यालगतच्या नातेवाइकाकडे जाऊन राहणं शहाणपणाचं. रक्तदाब, कमी रक्त, जुळं, आधीचं सिझेरियन असं काही असेल तर आरोग्य केंद्रावर न थांबता जिथे शस्त्रक्रिया होते त्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाचं नाव आठव्या महिन्यातच कार्डावर लिहून घ्या. कामथे, दापोली, कणकवली, ओरोस, अलिबाग, जे तुम्हाला जवळ पडेल ते. ऐन वेळी तिथे डॉक्टर आहेत का, हे नर्सबाईंकडून फोन करवून विचारा. रजेवर असतात, जागा रिकामी असते. हे कागदावर कळत नाही.

केसपेपर काढताना: बाईचं नाव तोंडी सांगू नका, आधारकार्ड खिडकीतून आत द्या. इथे पडलेलं नाव जन्मनोंदीत उतरतं.

## टप्पा ७: डिस्चार्जच्या आधी जन्मनोंद

जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथे होते, तुम्ही राहता तिथे नाही. सावंतवाडी-दोडामार्गची बाई बांबोळीला बाळंत झाली तर नोंद गोव्यात. रायगडची पनवेलला झाली तर पनवेलात. १०८ मध्येच घाटात बाळ झालं तर गाडी पुढे जिथे पहिली थांबली तिथली नोंद. घरी झालं तर ग्रामपंचायतीत घरच्यांनी कळवायचं. मुदत २१ दिवस, तोवर पैसे लागत नाहीत. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यापुढे वरची परवानगी आणि स्वतः सही करून दिलेलं (स्वयंसाक्षांकित) कागदपत्र, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. लांबच्या गावाला फेऱ्या मारण्यापेक्षा डिस्चार्जच्या दिवशी विचारा: नोंद कुठल्या कार्यालयात पाठवली, दाखला कधी आणि कोण देणार?

बारसं व्हायचंय, नाव ठरलं नाही, म्हणून थांबू नका. नावाशिवाय नोंद होते. वर्षाच्या आत नाव फुकट घालता येतं. मात्र आईच्या नावाचं स्पेलिंग दहादा बघा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदांवर बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लागतं. आईचं नाव चुकलं तर ते मुलाच्या शाळेपर्यंत पोचतं.

दवाखाना सोडण्याआधी तपासा: डिस्चार्ज कार्ड मिळालं का, त्यावर प्रसूतीचा प्रकार लिहिलाय का (बांधकाम मंडळाच्या दाव्याला लागतो), जन्मतःच्या लसी कार्डावर चढल्या का, जननी सुरक्षाचे कागद कुणी घेतले, आणि घरी सोडायच्या गाडीचं काय?

## टप्पा ८: लसी आणि उरलेला हप्ता

मातृ वंदनेचा दुसरा हप्ता, आणि दुसऱ्या मुलीचे ६,०००, हे जन्मनोंद झाल्यावर आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर मिळतात. जन्मतः, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. यातली एक राहिली की हप्ता राहिला. दीड महिन्याची लस माहेरी टोचून झाली, मग बाळ-बाळंतीण सासरी आली आणि पुढच्या वेळी नर्सबाईंना कार्डावर काहीच दिसलं नाही, असं होतं. प्रत्येक लसीच्या तारखेला सही घ्या आणि फोटो सासरच्या आशाताईला पाठवा. साडेतीन महिन्यांची लस झाली की त्याच आठवड्यात दाखला आणि कार्ड घेऊन त्यांच्याकडे जा. बाळाच्या जन्मापासून २७० दिवसांची मुदत डोक्यात ठेवा, पण तिच्यावर विसंबून राहू नका.

बांधकाम मंडळाचा दावाही याच सुमारास टाका: जन्मदाखला, डिस्चार्ज कार्ड, मंडळाचं ओळखपत्र, पासबुक.

## टप्पा ९: मुलगी झाली असेल तर लेक लाडकी

१ एप्रिल २०२३ ला किंवा नंतर जन्मलेली मुलगी, पिवळं किंवा केशरी कार्ड आणि वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या आत. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,०००, असे एकूण १,०१,००० रुपये. अर्ज अंगणवाडीताईंकडे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच हवा, सरपंचांचा चालत नाही. मातृ वंदनेला ८ लाखांची मर्यादा आणि इथे १ लाखाची, हे लक्षात न घेता लोक एकच दाखला दोन्हीकडे लावतात. पुढच्या हप्त्यांना एका टप्प्यावर आई किंवा वडिलांचं कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र मागतात. ते आधी समजून घ्या, नाहीतर मुलगी शाळेत गेल्यावर घरात वाद होतो.

## टप्पा १०: पैसे आले नाहीत तर

महिना-दोन महिने वाट बघा, मग विचारायला जा. ‘आमचे पैसे का नाही आले’ असं विचारलंत तर ‘वरून आले नाहीत’ हेच उत्तर मिळेल. अर्ज क्रमांक पुढे ठेवून विचारा, ‘पोर्टलवर स्थिती काय दाखवते, आणि परत गेला असेल तर कारण काय लिहिलंय?’ कारणं ठरलेली असतात. नाव जुळत नाही, आधार खात्याला जोडलेलं नाही, खातं बंद, दुबार नोंद, लसीची तारीख भरली नाही. कारण कळलं की अर्धं काम झालं. बँकेचं असेल तर आशाताईंच्या मागे लागून उपयोग नाही, शाखेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म भरावा लागेल. पैसे पडलेत पण तुम्ही भलतंच पासबुक भरून आणताय, असंही निघतं. म्हणून आधी टप्पा २ मधली खात्याची तपासणी पुन्हा करा.

आशाताई आणि आरोग्य केंद्र इथे दाद लागली नाही तर तालुका आरोग्य अधिकारी, अंगणवाडीचं काम असेल तर तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकारी. अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घ्या. दवाखान्यात मोफत सेवेसाठी पैसे मागितले असतील तर १०४ वर तक्रार नोंदवा आणि बिलं जोडून वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या. नाव, तारीख, रक्कम एवढंच लिहा, रागाची वाक्यं नकोत.

आणि ‘मातृ वंदनाचे पैसे मंजूर झालेत, ओटीपी सांगा’ म्हणून फोन आला तर तो ठेवून द्या. आशाताईसुद्धा ओटीपी समोर बसून, फॉर्म भरताना विचारते. फोनवरून हिंदीत बोलणारा साहेब विचारत नाही.